खांद्याच्या उंचीचा दगड

कुंभकोणम्, ता. ११ सप्टेंबर १९५५

चि. नटराजराव यांस अप्पारावाचा आशीर्वाद. अजून चालत असेल तर घ्यावा, नाहीतर कागदावरच राहू द्यावा.

तुमचे पत्र परवा आले. पुण्याचा शिक्का पाहून मी आधी पाय धुतले आणि मगच फोडले, कारण या वयात लांबून येणारे पत्र बहुधा कोणी गेल्याचेच असते. कोणी गेलेले नव्हते. मग चार वेळा वाचले. माझे शिक्षण तिसरीपर्यंतचे, तेही भजनाच्या वहीवर पुरे झालेले, त्यामुळे तुमचे एकेक जोडाक्षर सोडवावे लागते. चोवीस वर्षांत हे तुमचे दुसरे पत्र. पहिले मीनाक्षीच्या वर्षश्राद्धाच्या सुमाराचे, ते पेटीत आहे. जावयाची पत्रे दोनच असली की जपायला सोपी.

तुम्ही तिकडे बागखात्यात ओव्हरसियर झालात हे वाचून बरे वाटले. माझ्याच अंगणात रंधा धरायला शिकलात. तुमची सासू गोमती असती तर तिने सगळ्या गल्लीला सांगितले असते. तिला जाऊन सात वर्षे झाली. तुम्हांला कळवले नाही, पत्ता नव्हता. पत्ता होता, कळवले नाही.

आपली मराठी ऐकून पुण्याची मंडळी अजून हसतात असे तुम्ही लिहिता. हसू द्या. आपले वाडवडील तंजावरच्या राजवाड्याचे खांब घडवायला निघाले तेव्हा तिकडे जी बोली होती ती आपण जपून ठेवली. त्यांनी बदलली, त्याला आपण काय करणार?

माघात तिकडच्या कुंभमेळ्यासारख्या आपल्या महामहाच्या स्नानाला येणार, फार चांगले. आणि इन्नंबूरच्या वाटेवरचा मीनाक्षीचा दगड पाहायचा आहे, असेही लिहिले आहे. सुमैतांगी म्हणजे काय हे तिकडे कोणाला समजत नाही म्हणता. कसे समजेल? दोन उभे दगड, त्यांवर एक आडवा, खांद्याच्या उंचीवर. डोक्यावरचे ओझे त्यावर सरकवायचे, दम खायचा, पुन्हा डोक्यावर सरकवून चालू लागायचे. कोणाचा हात नको. आणि पोटातले ओझे न उतरवता जी बाई जाते तिच्या नावाने घरच्यांनी तो रस्त्यावर उभारायचा. आपण ही रीत बरोबर आणली नव्हती, इथल्या लोकांकडून घेतली.

दगड आहे. ठीक आहे. त्याची काळजी करू नये.

दुसरे असे की मुनिसिपालिटीने महामहासाठी कावेरीच्या पुलाजवळ, स्वामीमलै-इन्नंबूरकडून येणाऱ्या रस्त्याला, विसाव्याची बाग करायची ठरवली आहे. बाके करायचे काम मला दिले आहे. एकाहत्तराव्या वर्षी हे काम झेपेल की नाही या विचाराने जेवण जात नाही. तुमच्याकडे बागेत बाके कशी करतात? एखादा नकाशा पाठवलात तर उपकार होतील. पत्राला तिकीट पुरेसे लावले आहे असे वाटते. कमी पडले तर क्षमा असावी.

अप्पाराव


कुंभकोणम्, ता. ६ नोव्हेंबर १९५५

चि. नटराजराव यांस आशीर्वाद.

तुमचे नकाशे मिळाले. रेघा किती सरळ! माझ्याकडे होता तेव्हा तुमची एक रेघ सरळ येत नव्हती. पहिला चौरंग केलात, त्याचा एक पाय आखूड. तुम्हांला तो कधी डगमगला नाही, कारण मीनाक्षी केळीच्या सोपटाची घडी करून पायाखाली सरकवायची आणि मला डोळ्यांनी दटावायची, बोलू नका म्हणून. लग्नाच्या आधीची गोष्ट. तेव्हाच मला समजायला हवे होते की मुलगी कुठे द्यायची. तो चौरंग अजून आहे. मी त्यावर बसूनच हे लिहितो आहे, घडी मात्र आता मीच सरकवतो.

बाकांचे काम अडले आहे. कृष्णमूर्ति म्हणून नवा इंजिनियर आला आहे. अठ्ठावीस वर्षांचा, खिशात दोन पेने. माणूस वाईट नाही, पण त्याच्याजवळ मद्रासहून आलेला नकाशा आहे. सिमेंटची बाके, सगळी एका ओळीत, सगळ्यांची तोंडे रस्त्याकडे. मधोमध हिरवळ, भोवती लोखंडी कठडा.

मी म्हटले, "सार्, चैत्रात दुपारी सिमेंटवर बसलेल्या माणसाचा दोसा होईल."

तो म्हणाला, "मेस्त्री, नकाशा मंजूर होऊन आला आहे."

"सार्, नकाशावर ऊन पडत नाही."

"सिमेंटचे बाक शंभर वर्षे टिकेल. तुमचे लाकूड?"

"टिकेल ना सार्. पण शंभर वर्षे त्यावर बसणार कोण?"

तो हसला, म्हणून मला धीर आला. मी त्याला सांगितले की चैत्र-वैशाखात कावेरीत वाळू असते, हिरवळीला पाणी कुठून आणणार? त्यापेक्षा पश्चिमेला करंज लावावे, दुपारची सावली त्यांचीच. लोक विहिरीवर पाय धुतात, ते पाणी चर खणून कर्दळींकडे न्यावे. बाक दोन हात रुंद हवे, इकडचा माणूस पाय खाली सोडून बसत नाही, मांडी घालतो. दोन बाके समोरासमोर, नाहीतर गप्पा कशा मारणार? आणि एका टोकाला फळी चार बोटे उंच, तिण्णैला असते तशी, डोके टेकायला.

इन्नंबूरच्या आपल्या जुन्या घराची तिण्णै आठवते का? दाराच्या दोन्ही अंगांना दोन ओटे, उशीसकट बांधलेले. कोण कुठला वाटसरू सकाळी निजून उठलेला असायचा, गोमती त्याला ताक द्यायची, नाव विचारायची नाही. आता नवी घरे बांधतात त्यांना तिण्णै नसते, कुलूप असते. हे मी इंजिनियरला सांगितले. तो म्हणाला, "मेस्त्री, तुम्ही मला बाग सांगता की तुमचे घर?"

दिवाळी आठवड्यावर आली. गुडघा दुखतो. तुम्ही विचारले आहे की दगडावर नाव कोरले आहे का आणि कोणत्या लिपीत. नाव नाही. थोडे शेवाळ असेल. पाऊस फार आहे, त्या बाजूला जाणे झालेले नाही.

अप्पाराव


कुंभकोणम्, ता. ८ डिसेंबर १९५५

चि. नटराजराव यांस आशीर्वाद.

वादळाची बातमी तिकडे पेपरात आली असेल. मी जिवंत आहे. घराची कौले गेली, निम्मी शेजाऱ्याच्या अंगणात सापडली, पण ती आपली की त्यांची यावरून मीनाक्षीच्या वयाची त्यांची सून माझ्याशी भांडली. मी तिलाच देऊन टाकली. वारा असा होता की नारळ आडवे धावत होते. समुद्राकडल्या गावांत फार माणसे गेली म्हणतात. आपण इकडे झाडांवर रडावे असे नाही, तरी पुलाजवळचे जुने कडुलिंब पडलेले पाहून मी एकेक मोजत गेलो. सात झाडे. करंज तेवढा एक वाचला.

आणि हेही लिहितो, जरी अशा वेळी लिहू नये. मुनिसिपालिटीची सिमेंटची पोती भिजून दगड झाली. इंजिनियर एका पोत्यावर बसला होता, डोक्याला हात लावून. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मेस्त्री, घ्या, बाक तयार आहे." मग दोघेही हसलो. दुसरे सिमेंट महामहाच्या आत येणार नाही. पडलेला कडुलिंब चिरून त्याचीच बाके करा म्हणाला, तुमच्या मापाने करा. कडुलिंबाला वाळवी लागत नाही. झाड जिथे उभे होते तिथेच त्याचे बाक ठेवणार आहे. ज्याला त्याच्या सावलीची सवय होती तो निदान त्याच्यावर बसेल. लाकूड ओले आहे, तडकेल ही भीती आहे. फळ्यांच्या टोकांना शेणमातीचा लेप देऊन सावलीत रचल्या आहेत. यापेक्षा चांगला उपाय तुम्हांला ठाऊक असेल तर लवकर कळवावा.

इन्नंबूरकडचा रस्ता बंद आहे. झाडे आडवी आहेत. ऐकतो की वाटेवरचे दगडसुद्धा पडले. मीनाक्षीचा पडला असेल. पडलाच असे धरून चालावे. तेव्हा त्यासाठी म्हणून एवढ्या लांबून येण्याचा त्रास घेऊ नये. स्नानाला यायचे असेल तर जरूर यावे. पण गर्दीही फार होणार म्हणतात, कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागते.

तब्येतीला जपावे.

अप्पाराव


कुंभकोणम्, ता. १७ जानेवारी १९५६

चि. नटराजराव यांस आशीर्वाद.

मागल्या पत्राला तुमचे उत्तर आले नाही. चाळीस दिवस झाले. संक्रांत झाली, तीळगूळ एकट्याने खाल्ला. पोस्टमन मला पाहून गल्ली बदलतो.

आधी बागेचे लिहितो, ते सोपे आहे. पहिली दोन बाके समोरासमोर लागली. गेल्या सोमवारी सकाळी इंजिनियर पाहायला आला. एवढ्यात इन्नंबूरची मंगला आली. ही बाई रोज केळीच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन बाजारात जाते. ओली पाने, भारा माझ्याने उचलवणार नाही. इंजिनियर मोठ्या हौसेने म्हणाला, "ये अम्मा, बैस. तुमच्यासाठीच केले आहे."

ती उभीच. "बसते की सार्. पण आधी हे कुठे ठेवू?"

"खाली ठेव."

"ठेवते. मग चढवून कोण देणार? तुम्ही?"

त्याच्या तोंडून हो निघून गेले. त्याने भारा उतरवला, पांढरा शर्ट चिंब. ती मांडी घालून बसली, पानसुपारी काढली, सावकाश खाल्ली, बाकाच्या उशीवर हात फिरवला. मग उठून म्हणाली, "चला, चढवा." त्याने चढवला. दम लागला त्याला. ती म्हणाली, "उद्याही सहा वाजता येते, सार्. उशीर करू नका." आणि जाता जाता मला म्हाताऱ्याला, "तात्ता, बाक झकास झाले हो. रिकाम्या हातांनी फिरायला येणाऱ्यांसाठी."

सगळे हसले. मीही. मग इंजिनियर शर्ट पिळत म्हणाला, "मेस्त्री, याला उपाय काय?"

पाया खणणारा पाथरवट मध्येच बोलला, "सुमैतांगी लावा सार्. पूर्वी प्रत्येक वाटेवर असायची." इंजिनियर म्हणाला, "लावा. मेस्त्री, उंची किती ते याला सांगा."

नटराजराव, मी घरी निघून आलो. गुडघा दुखतो असे सांगितले.

आता दुसरे लिहितो. इन्नंबूरच्या वाटेवर मीनाक्षीचा दगड पडलेला नाही. तो तिथे कधी नव्हताच. तुम्ही पहिल्या पत्रात विचारलेत तेव्हा मी लागला म्हणून लिहिले, आणि सप्टेंबरात ठीक आहे म्हणून लिहिले, आणि वादळ आले तेव्हा देवाने मला वाट दाखवली असे समजून पडला म्हणून लिहिले. इतकी माणसे मेली त्या वादळात, आणि मी त्याचा असा उपयोग केला.

गेलो होतो मी. तेराव्यानंतर तिरुवलंचुळीच्या पाथरवटाकडे गेलो, दगड निवडला, चांगला काळा, बारीक दाण्याचा. त्याने सुतळी हातात घेऊन विचारले, "उंची किती?" सुमैतांगी सगळ्या सारख्या नसतात, जिच्या नावाची तिच्या खांद्याएवढी करतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. आणि माप माझ्याजवळ होते. ती सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा ऐकायची नाही, गाईसाठी गवताचा भारा स्वतःच आणायची. म्हणून मी गोठ्यात दोन खांबांना तिच्या खांद्याच्या उंचीवर फळी ठोकली, वाकू नये म्हणून. त्याची खाच माझ्या मापकाठीवर होती. ती म्हणाली होती, "अप्पा, ही फळी काढू नका हं, बाळाला घेऊन येईन तेव्हाही लागेल."

पाथरवटाला मी म्हटले, उद्या सांगतो. फळी घरी येऊन जाळली. काठी जाळवली नाही. तो उद्या अजून आलेला नाही. गोमती रोज विचारायची, मग तिने विचारणे सोडले.

याहून आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

आता तुम्ही यावे असे कोणत्या तोंडाने म्हणू? पण इंजिनियर थांबला आहे. पाथरवट थांबला आहे. मंगलेचा भारा तो रोज उतरवतो, त्याने आता जुना शर्ट घालायला सुरुवात केली आहे.

अप्पाराव


कुंभकोणम्, ता. ९ फेब्रुवारी १९५६

चि. नटराजराव यांस आशीर्वाद.

तुमचे कार्ड आले. एवढेच लिहिले आहे, तरी पाठ झाले असून पुन्हा उतरवतो, म्हणजे मी चुकीचे वाचले असेल तर तुम्ही दुरुस्त कराल: "मागल्या महामहाला, लढाई चालू होती तेव्हा, आलो होतो. इन्नंबूरची वाट दोनदा चाललो. दगड नव्हता. तुमच्या अंगणापर्यंत आलो, तुम्ही रंधा मारत होता, हाक मारली नाही. उंची किती ठेवता?"

मी कार्ड घेऊन अंगणात गेलो आणि तुम्ही कुठे उभे राहिला असाल ते पाहत बसलो. फाटकापाशी की लिंबाच्या झाडापाशी? अकरा वर्षे तुम्हांला ठाऊक होते. तरी सप्टेंबरात तुम्ही दगड पाहायचा आहे म्हणून लिहिलेत, नाव कोणत्या लिपीत म्हणून विचारलेत. मला राग आला. मग वाटले की रागवायला माझ्याकडे काय आहे?

चार फूट एक इंच. घ्या, लिहिले. पाथरवटालाही सांगितले. त्याने सुतळीला गाठ मारली आणि कामाला लागला, त्याला काय ठाऊक.

पण तुमचे कार्ड वाचून असे दिसते की तुम्ही मला अर्धे सोडले आहे. ते मी घेऊ शकत नाही, कारण तुम्ही ज्याला सोडले त्याचा निम्माच अपराध तुम्हांला माहीत आहे. म्हणून आता राहिलेले लिहितो. सकाळी लिहितो आहे, दार उघडे ठेवून.

आषाढ होता, कावेरी दोन्ही काठ भरून. पहाटे मीनाक्षीच्या पोटात दुखू लागले. आठवा महिना. सुईण म्हणाली, थांबा, खोट्या कळा आहेत. तुम्ही म्हणालात, "मामा, मी गाडी जुंपतो. नदीपलीकडे इस्पितळात नेऊ." मला नको होते. भरल्या पोटी नदी ओलांडू नये, त्यात पूर, असे माझ्या आईने सांगितले होते, तिच्या आईने तिला. पण जावयाला तोंडावर नाही म्हणायचे नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. जावयाने काही मागितले आणि सासरा नाही म्हणाला, असे आपल्या घरात कधी झाले नव्हते. तुम्ही बैल आणायला वळलात. मी गाडीजवळ गेलो, चाक आसावर धरून ठेवणारा लोखंडी खिळा उपसला आणि कमरेला खोचला. वाटले, खिळा शोधता शोधता घटकाभर जाईल, तेवढ्यात कळा थांबतील. तोंडाने नाही म्हणावे लागणार नाही.

तुम्ही चिखलात गुडघ्यांवर बसून दोन तास शोधलात. मीही तुमच्याबरोबर शोधला. मग तुम्ही स्वामीमलैला दुसरी गाडी आणायला धावलात. परत आलात तेव्हा दुपार झाली होती.

तेराव्याच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "मामा, आदल्या दिवशी गाडी मीच हाकली होती. खिळा माझ्याच हातून ढिला राहिला. मीच मारले तिला." मी तिथेच उभा होतो. खिळा कमरेला होता. मी म्हटले, "असे बोलू नये." तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून गेलात.

इस्पितळात नेली असती तर जगली असती का, ते मला ठाऊक नाही. पण खिळा तुमच्या हातून पडला नव्हता. हे चोवीस वर्षे तुम्ही डोक्यावर वाहिलेत, आणि मी पाहिले.

खिळा माझ्याजवळ आहे.

दोन उभे दगड पुलाजवळ रोवून झाले, करंजाच्या सावलीत, इन्नंबूरकडून येणाऱ्याला आधी दिसतील असे. आडवा दगड खाली ठेवला आहे. त्याला पहिला हात नवऱ्याने लावायचा असतो असे पाथरवट म्हणतो. मंगला रोज बडबडते, "तात्ता, दगडाला निजवून का ठेवलाय? मलाच निजवा त्याच्या शेजारी." महामहाच्या आधीच्या मंगळवारपर्यंत मी थांबेन. त्याच्या पुढे नाही. हजारो लोक त्या रस्त्याने येणार आहेत, डोक्यावर भात-भांडी, पोरे कडेवर. त्यांना आपल्या भांडणाशी काय करायचे? तुम्ही नाही आलात तर इंजिनियर, पाथरवट आणि मी चढवू.

सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर असेन. हे वाचून येऊ नये असे वाटले तर कळवू नये, मी समजेन.

अप्पाराव


कुंभकोणम्, ता. ४ मार्च १९५६

चि. नटराजराव यांस आशीर्वाद.

सुखरूप पोहोचल्याचे कार्ड मिळाले. तुमचा पंचा इथे राहिला. धुऊन घडी करून ठेवला आहे. पाठवू की पुढल्या खेपेपर्यंत ठेवू ते लिहावे. मी ठेवतो.

यात्रा संपली, गाव रिकामे झाले, सगळीकडे पत्रावळी. बागेतले एक बाक तडकले, म्हटलेच होते मी. ओले लाकूड. इंजिनियर म्हणतो त्यावर तेरा माणसे बसली होती, त्याला लाकूड काय करणार? कर्दळींना कोंब आले आहेत. करंजाच्या रोपांना बकऱ्या त्रास देतात, काटेरी कुंपण घातले आहे. पुढल्या सावलीला मी नसेन, पण बकऱ्यांना ते कळत नाही.

मला मनात पुन्हा पुन्हा तेच दिसते. तुम्ही गाडीतून उतरलात. स्टेशनवर काय बोलायचे ते मी तीन दिवस घोकले होते. तुमचे केस पांढरे झालेले पाहिले आणि सगळे विसरलो. तुम्ही एवढेच म्हणालात, "मामा, काठी आणली का?" आणली होती. मग दोघे जण टांग्याने पुलापर्यंत आलो. तुम्ही दगडाचे नदीकडचे टोक धरलेत, मला धरू देईनात, पाथरवटाला म्हणालात, "म्हाताऱ्याला बाजूला कर." तेव्हा मला बरे वाटले, कारण हा तुमचा जुना आवाज होता. दगड बसला. तुम्ही काठी लावलीत. खाच बरोबर दगडाच्या वरच्या कडेला आली. तुम्ही अंगठा त्या खाचेवर ठेवून किती वेळ उभे होता.

आणि मग ती मंगला. भारा सरकवलान्, कंबर सरळ केलीन्, आणि नको ते बोललीच, "तात्ता, दोन बोटे बुटका झाला की हो!"

इंजिनियर घाईघाईने म्हणाला, खाली विटा घालून उंच करू.

तुम्ही म्हणालात, "राहू द्या. ती बुटकीच होती." आणि हसलात. चौरंग डगमगत नाही हे मला दाखवताना हसायचा ना, तसे.

कोण बुटकी होती हे त्या बाईने विचारले नाही. म्हणाली, "बरं मग. मी गुडघे वाकवीन." आता रोज वाकवते. मी समोरच्या बाकावर बसून पाहतो. कधी सहा वाजता येते, कधी साडेसहा. उशीर झाला की मला काळजी लागते.

आता एकच राहिले. खिळ्याबद्दल तुम्ही इथल्या तिन्ही दिवसांत एक शब्द काढला नाहीत, मीही काढला नाही. मी तो फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला होता, तुम्हांला दिसेल असा. रोज होता. तुम्हांला गाडीत बसवून घरी आलो तर फळी रिकामी. सगळे घर झाडून काढले, फडताळ ओढून मागे पाहिले, कौलांतून उंदीर येतात म्हणून माळ्यावरही चढलो, या गुडघ्याने.

चोरीला गेला असेल तर कळवावे. तुम्ही नेला असेल तर कळवू नये.

अप्पाराव